आवाज काढून दाखवा! 'कार टॉक'सारखा धमाल कॉल-इन शो मराठीत कसा उभा करायचा

गाड्यांवर मराठीत बोलणारे आता भरपूर झालेत, पण जवळजवळ सगळे नवीन गाडीचं मायलेज, सनरूफ आणि ऑन-रोड किंमत यातच अडकलेत. ज्याची गाडी दहा वर्षं जुनी आहे, सकाळी स्टार्ट करताना किंचाळते आणि त्यावरून घरात रोज वाजतंय, त्या माणसासाठी कोणीच काही करत नाही. अमेरिकेत हे काम दोन भावांनी पंचवीस वर्षं देशभरच्या रेडिओवर केलं, शोचं नाव 'कार टॉक'. तो शो आतून कसा चालायचा ते बघू आणि त्यावरून आपला पॉडकास्ट (किंवा कम्युनिटी रेडिओवरचा अर्धा तास) कसा उभा करायचा ते एकेक करून सांगतो.

आधी हे दोघं कोण ते सांगतो. टॉम आणि रे मॅग्लिओझी, बॉस्टनला लागून असलेल्या केंब्रिजचे, दोघंही तिथल्याच एमआयटी या नामांकित तंत्रविद्यापीठात शिकलेले, वयात बारा वर्षांचं अंतर. १९७३ मध्ये त्यांनी असं गॅरेज काढलं की लोकांनी जागा आणि पाने-हत्यारं भाड्याने घ्यायची आणि आपली गाडी आपणच दुरुस्त करायची. ते काही चाललं नाही, मग आपल्या नेहमीच्या पद्धतीचं गॅरेज झालं. १९७७ मध्ये बॉस्टनच्या डब्ल्यूबीयूआर स्टेशनने मेकॅनिक लोकांचं एक पॅनल बोलावलं होतं, प्रत्यक्षात उगवला एकटा टॉम. पुढच्या वेळी परत बोलावल्यावर तो धाकट्या भावाला घेऊन गेला आणि तिथून गाडी सुटली ती सुटलीच. १९८७ पासून एनपीआर या अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओवरून देशभर, १९९२ मध्ये रेडिओ-टीव्हीसाठीचा मानाचा पीबॉडी पुरस्कार, २०१२ मध्ये नवीन एपिसोड बंद, आणि २०१४ मध्ये टॉम गेला. तरी जुने कॉल नंतरही लागत राहिले आणि लोक ऐकत राहिले, ज्यातल्या अर्ध्या गाड्या एव्हाना भंगारात गेल्या असतील. कार्बोरेटरचा सल्ला आज कोणाला लागतोय? लोक ऐकतात ते बोलणं. आपला शो बांधताना हे सतत डोक्यात ठेवायचं, गाडी हे निमित्त आहे. पण निमित्त असलं तरी उत्तर बरोबरच पाहिजे, नुसती टवाळी केली तर लोक दोन एपिसोडमध्ये कंटाळतात.

पहिलं काम: वही घेऊन ऐका

'कार टॉक'चे निवडक एपिसोड पॉडकास्ट म्हणून निघालेत. चार-पाच ऐका आणि प्रत्येक कॉलच्या घड्याळातल्या तीन वेळा टिपून ठेवा: पहिलं हसू कधी आलं, गाडीचं नाव कधी आलं, उत्तर कधी आलं. बहुतेक वेळा दिसेल की हसू गाडीच्या आधीच आलंय, माणसाच्या नावावरून किंवा गावावरून काहीतरी सुरू झालंय, आणि उत्तर अगदी शेवटी दोन-चार वाक्यांत उरकलंय. मधला सगळा वेळ गप्पा. इंग्रजी भरभर कळत नसेल तर स्पीड कमी करा, पण सबटायटल वाचत बसू नका, लय कानाने पकडायची गोष्ट आहे.

जोडी

एकट्याने हा शो होत नाही, आणि तिघं झाले की गोंधळ होतो. दोघंच पाहिजेत आणि त्यांचं नातं खरं पाहिजे. सख्खे भाऊ, बहीण-भाऊ, गॅरेजवाला आणि त्याचा वीस वर्षांपासूनचा गिऱ्हाईक, मामा-भाचे, काहीही चालेल, फक्त एकमेकांचा अपमान करायचा हक्क आधीपासून मिळालेला असावा. मॅग्लिओझींचा शो संपताना एक म्हणायचा माझ्या भावासारखी गाडी चालवू नका, की लगेच दुसरा म्हणायचा, आणि माझ्याही भावासारखी नको. हे भाड्याने आणलेल्या आरजेंना जमणार नाही.

दोघांपैकी एकाचे हात काळे झालेले पाहिजेत, म्हणजे खरंच गॅरेजमध्ये काम करणारा पाहिजे. तिकडे रे गॅरेज सांभाळायचा आणि टॉम बरीच वर्षं कॉलेजात शिकवायचा, त्यामुळे एकाकडे गाडी आणि दुसऱ्याकडे थिअऱ्या अशी आपोआप वाटणी झाली. दुसऱ्याने मधेच 'म्हणजे नक्की काय रे?' असं विचारत राहायचं, कारण ऐकणाऱ्याला लोअर आर्म कुठे असतो ते माहीत नसतं आणि तो विचारायला लाजतो.

कॉल गोळा करणं

खूप जणांना वाटतं की हा शो लाइव्ह असायचा. नसायचा. लोक फोन करून आपला प्रॉब्लेम सांगून ठेवायचे, टीम त्यातले कॉल निवडायची, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी त्या माणसाला उलटा फोन लावायची. दोघा भावांना मात्र प्रश्न आधी सांगायचे नाहीत, त्यांचं डोकं खाजवणं खरं असायचं. हीच पद्धत घ्या, डोळे मिटून घ्या. लाइव्हच्या नादी लागलात तर पहिला कॉलर 'हॅलो, आवाज येतोय का' यात मिनिट घालवणार आणि दुसरा बसमधून बोलणार.

आपल्याकडे व्हॉट्सअॅप आहे म्हणजे निम्मं काम झालं. शोसाठी वेगळं सिम घ्या, स्वतःचा नंबर चुकूनही देऊ नका (रात्री साडेअकराला 'दादा, क्लच प्लेट किती किलोमीटरला बदलू' असे मेसेज येतात), आणि लोकांना एका मिनिटाच्या आतली व्हॉइस नोट पाठवायला सांगा. त्यात चार गोष्टी मागा: नाव आणि गाव, गाडी आणि तिचं साल, काय होतंय, आणि यावरून घरात किंवा ऑफिसात कोणाशी वाजलंय का. चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सासऱ्यांनी हुंड्यात नको म्हणत म्हणत दिलेली गाडी विकायची कशी, हा प्रश्न टर्बो लॅगसारख्या कुठल्याही तांत्रिक प्रश्नापेक्षा भारी आहे.

चाळणी

इथे तिसरा माणूस लागतो, प्रोड्युसर म्हणा. तिकडे हे काम शोचा प्रोड्युसर डग बर्मन याची टीम करायची. प्रोड्युसरने निवडलेल्या लोकांना आधी पाच मिनिटं फोन करायचा आणि बघायचं की माणूस बोलतोय का. प्रश्न साधा असला तरी चालेल पण माणूस खुलणारा हवा, टोमणा मारल्यावर उलटा मारणारा हवा. 'दोन गाड्यांपैकी कुठली घेऊ' वाले बाजूला ठेवा, ते नेहमी सापडतात आणि त्यात काही घडत नाही. विमा कंपनीने क्लेम नाकारला, शोरूमने फसवलं असे संतापलेले कॉलही नको, माणूस खरा असेल पण तिथे विनोद होत नाही आणि नाव घेतलं गेलं तर नोटीस तुम्हाला येते.

प्रोड्युसरचं आणखी एक काम म्हणजे कॉलरला सांगायचं की कुठली गोष्ट आधी सांगायची नाही. याचं सगळ्यात झकास उदाहरण म्हणजे १९९७चा एक कॉल. कॉलरचं म्हणणं असं की गाडी सरकारी आहे, सुरुवातीची दोन मिनिटं प्रचंड आवाज आणि हादरे, मग एकदम स्मूथ, आणि साडेआठ मिनिटांनी इंजिनच बंद पडतं. भाऊ नेहमीसारखे प्रश्न विचारत गेले. तो माणूस होता अंतराळवीर जॉन ग्रन्सफेल्ड आणि फोन आला होता अवकाशातून, स्पेस शटलमधून. त्याने पहिल्याच वाक्यात 'मी शटलमधून बोलतोय' म्हटलं असतं तर सगळी मजा गेली असती. आपल्याकडे कोणी अंतराळातून फोन करणार नाही, पण एसटीचा ड्रायव्हर, ऊस वाहणारा ट्रॅक्टरवाला, शववाहिका चालवणारा असे लोक आहेतच. त्यांनी आधी फक्त लक्षणं सांगायची, वाहन नंतर.

सामान

यावर फार पैसे घालू नका. दोन डायनॅमिक माइक (कंडेन्सर माइक घरातल्या पंख्याचा आणि शेजाऱ्याच्या मिक्सरचाही आवाज उचलतो), दोन हेडफोन, आणि फोन जोडता येईल असा छोटा ऑडिओ मिक्सर. मिक्सर घेताना दुकानात एकच प्रश्न विचारा, यात मिक्स-मायनस आहे का. म्हणजे काय, तर कॉलरला तुमचा आवाज जातो पण त्याचा स्वतःचा आवाज परत त्याच्या कानात जात नाही. हे नसेल तर त्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येतो आणि तो अडखळायला लागतो.

साध्या फोन लाइनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमधलाच आवाज जातो, म्हणून तो डबड्यातून आल्यासारखा वाटतो. व्हॉट्सअॅप कॉल बरा येतो, नेट चांगलं असेल तर. त्याहून बरं म्हणजे कॉलरच्या घरात दुसरा फोन असेल तर त्यावर रेकॉर्डर चालू करून तोंडाजवळ ठेवायला सांगा आणि ती फाइल नंतर मागवून घ्या. आवाज स्टुडिओत बसल्यासारखा येतो. सगळे जण पाठवत नाहीत, पण जे पाठवतात त्यांचा कॉल एपिसोडच्या सुरुवातीला लावा. खोली घुमू नये म्हणून गाद्या, गोधड्या, पडदे जे असेल ते लावा.

प्रत्यक्ष कॉल

आता मुख्य मुद्दा. कॉल कसा चालावा याचा एक नमुना लिहून दाखवतो, काल्पनिक आहे.

– नमस्कार, कोण बोलतंय?
– मी सुनीता, मिरजेहून.
– बोला ताई. गाडी कुठली?
– आल्टो, २०१३ची.
– आणि तक्रार गाडीबद्दलच आहे ना?
– दोघांबद्दल. गाडी वळताना आवाज करते आणि मिस्टर म्हणतात तू स्टिअरिंग चुकीचं धरतेस.
– बरं. आधी गाडीचा आवाज काढून दाखवा.
– कट्... कट्-कट्... कटकटकटकट.
– एक नंबर. आता मिस्टरांचा काढा.
– (हसतात) तो याहून जास्त वेळ चालतो.
– कुठल्या बाजूला वळताना येतो?
– उजवीकडे. यू-टर्नला जास्तच. सरळ रस्त्याला काही नाही.
– आणि मिस्टर चालवतात तेव्हा?
– तेव्हा ते गाणी लावतात.
– म्हणजे आवाज तेव्हाही येतो, फक्त त्यावर लता मंगेशकर असतात.

मग उत्तर. उजवीकडे वळताना जोर बाहेरच्या, म्हणजे डाव्या चाकावर येतो, त्यामुळे डाव्या बाजूचा सीव्ही जॉइंट (इंजिनची ताकद चाकापर्यंत पोचवणारा सांधा) गेलाय असा पहिला संशय. चाकाच्या आतल्या बाजूला हात लावून बघा, रबरी बूट फाटलेला असेल तर ग्रीस सगळीकडे उडालेलं दिसेल. बूट नुसता फाटला होता तेव्हाच बदलला असता तर स्वस्तात सुटला असता, आता आवाज येतोय म्हणजे जॉइंटच बदलायला लागेल. आणि स्टिअरिंग धरण्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही, हे मिस्टरांना स्पीकरवर ऐकवा.

बघा, यात बाईला गाडी येत नाही हा सडका विनोद कुठेच नाही. टोमणे कॉलरच्या बाजूने मारायचे किंवा स्वतःवर, कॉलरच्या अज्ञानावर कधीच नाही. 'एवढं पण माहीत नाही?' असा सूर एकदा लागला की दुसऱ्या आठवड्यात व्हॉइस नोट येणं बंद. प्रश्नही मोघम नाहीत, प्रत्येक प्रश्नाने एक शक्यता कटते, कुठली बाजू, सरळ जाताना का वळताना, थंड इंजिनला का गरम. डॉक्टर मंडळी हेच करतात, फक्त त्यांना पेशंटला ओरडून दाखव म्हणायची सोय नसते.

आवाज काढायला लावणं हा अशा शोचा प्राण आहे, मोठ्या हुद्द्यावरचा माणूससुद्धा मायक्रोफोनवर 'घुर्रर्र खट्' करायला लागला की तो आपला होतो. आणि आवाजातून खरंच बरंच कळतं. सकाळी, त्यातही पावसाळ्यात, स्टार्ट केल्यावर 'चीं' असा किंचाळण्याचा आवाज म्हणजे बहुतेक फॅन बेल्ट सैल किंवा जुना. स्पीडबरोबर वाढणारी 'हूंऽऽ' अशी गुणगुण म्हणजे व्हील बेअरिंगकडे बघा. खड्ड्यात 'खट्ट' वाजलं तर लिंक रॉड, बुश, शॉकअप हे सस्पेन्शनचे भाग बघा. चावी फिरवल्यावर 'टक टक टक टक' भराभर आणि दिवे मंद झाले तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहेत, एकदाच 'टक्' होऊन सगळं गप्प झालं आणि दिवे मात्र चांगले असतील तर स्टार्टरवर संशय. ब्रेक मारताना 'खर्रर्र' असं लोखंडावर लोखंड घासल्यासारखं झालं तर हसायचं थांबवायचं. ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोलचा वास, एअरबॅगचा दिवा, या विषयांवर आधी सरळ भाषेत 'गाडी आजपासून हलवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा' सांगायचं, विनोद नंतर, आणि सुचला नाही तर नाहीच.

उत्तर माहीत नसेल तेव्हा सरळ ठोकून द्यायचं पण ठोकून देतोय हे कबूल करून. 'कार टॉक'मध्ये यासाठी एक खास भागच होता, जुन्या कॉलरला परत फोन लावून विचारायचं, आमचं उत्तर बरोबर निघालं का? चुकीचं निघालं की स्टुडिओत जास्त जल्लोष. हा भाग नक्की ठेवा, कारण यामुळे शोला विश्वास मिळतो आणि फुकटात दुसरा एपिसोड पण मिळतो. 'तुम्ही सांगितलेलं सगळं बदललं, बावीसशे रुपये गेले, शेवटी डिकीत कुकरची शिट्टी पडलेली होती' असा कॉल आला तर समजा शो रुळाला लागला.

सिनेमा, गाणी, बाकी गप्पा

पॉप कल्चर म्हणजे वेगळा 'सेगमेंट' करून पाच मिनिटं सिनेमावर बोलायचं असं नाही, ते कॉलमधून फुटलं पाहिजे. कॉलर म्हणाला आजोबांची पद्मिनी शेडमध्ये उभी आहे, की विषय आपोआप काळी-पिवळीकडे, जुन्या सिनेमातल्या टॅक्सीच्या सीनकडे, मागच्या काचेतून दिसणाऱ्या खोट्या रस्त्याकडे जातो. पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून २०२३ मध्ये गेली, अॅम्बॅसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, मारुती ८०० पण त्याच साली, तिची सुरुवात १९८३ची. ही साल-तारखांची शिदोरी जवळ ठेवा. हिरो घाटात गिअर न बदलता गाणं म्हणतो, व्हिलनची गाडी हात लावल्याबरोबर का पेटते, यावर खऱ्या मेकॅनिकचं मत ऐकायला कोणालाही आवडेल. मॅग्लिओझी बंधू स्वतःच शेवटी पॉप कल्चर झाले, २००६च्या 'कार्स' या अॅनिमेशनपटात दोन गंजक्या गाड्यांना त्यांचे आवाज आहेत.

एक सांभाळायचं, सिनेमाचं गाणं वाजवू नका. दहा सेकंदं चालतात वगैरे अफवा आहे. हक्क दुसऱ्याचे असतात. तिकडे शीर्षक संगीत डेव्हिड ग्रिसमनचं ब्लूग्रास (बँजो-मँडोलिनवरचं अमेरिकन लोकसंगीत) होतं, आपण ओळखीच्या बँजो पार्टीला स्वतःची चाल बसवायला सांगा, गणपतीनंतर त्यांना वेळ असतो, आणि पैसे देताना हक्काचं एक साधं पत्र लिहून घ्या.

कोडं

प्रत्येक एपिसोडला एक कोडं, उत्तर पुढच्या वेळी. गाडीचं असेल तर उत्तम. फार जुनी दंतकथा आहे, एक माणूस रोज आइस्क्रीम आणायला जातो, व्हॅनिला आणलं की गाडी सुरू होत नाही, बाकी कुठलंही आणलं की होते. उत्तर: व्हॅनिला दुकानात पुढेच ठेवलेलं, पटकन मिळतं, इंजिन थंड व्हायला वेळ मिळत नाही, पेट्रोलची पाइपमध्येच वाफ होऊन अडकते. ही वापरू नका, सगळ्यांना माहीत झालीय, पण बांधणी शिका: मूर्खासारखी वाटणारी तक्रार, खरं कारण, आणि कारण आधीच वाक्यात लपलेलं. गाडी चिपळूणला पोहोचते पण परत येताना गरम होते, फरक काय? येताना घाट चढायचाय. अशी साधीही चालतात.

श्रेयनामावली

'कार टॉक'च्या शेवटी खोट्या नावांची लांबलचक यादी असायची, सगळी शब्दांच्या कोट्यांवर, त्यात त्यांची एक लुबाडू वकील फर्म फारच गाजली. मराठीत तर आडनावं यासाठीच जन्माला आली आहेत. कायदा सल्लागार: लुबाडे, फसवे आणि पसारे. टायर विभाग: श्री. हवाकाढे. वाहतूक सल्लागार: सौ. सिग्नलतोडे. हिशेब तपासनीस: उधारबुडवे आणि मंडळी. दर वेळी पाच-सहा पुरे, त्यातली दोन कायमची ठेवा, बाकी लोकांकडून मागवा. खऱ्या ओळखीच्या माणसाचं नाव फिरवून घेऊ नका, तो चिडतो.

कात्री आणि कागद

दीड तास रेकॉर्ड करा, पस्तीस-चाळीस मिनिटं ठेवा. कापताना पहिलं जातं ते नमस्कार-चमत्कार, दुसरं जातं ते मेकॅनिकचं लांबलेलं तांत्रिक भाषण, तिसरं, आणि हे जड जातं, तुमचा स्वतःचा तो विनोद ज्यावर फक्त तुम्हीच हसलात. कॉलरचं हसू कापू नका. होस्टचं हसू मात्र थोडं कमी करा, टॉमचं गडगडाटी हसू चालून गेलं कारण ते खरं होतं, आपलं प्रत्येक वाक्यावरचं चालत नाही.

रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच कॉलरकडून तोंडी परवानगी घ्या आणि ती फाइलमध्ये ठेवा. फक्त पहिलं नाव आणि गाव घ्या, गाडीचा नंबर बोलला गेला तर कापा. कुठल्या गॅरेजचं किंवा कंपनीचं नाव शिव्यांसकट आलं तर तिथे हॉर्न वाजवा, ते जास्त मजेशीरही होतं. रेडिओवरच जायचं असेल तर कम्युनिटी रेडिओचं लायसन्स एकट्या-दुकट्याला मिळत नाही, शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्रं, सेवाभावी संस्था यांना मिळतं, तेव्हा जवळच्या अशा स्टेशनला तयार झालेले तीन एपिसोड पेन ड्राइव्हवर नेऊन द्या. नुसती कल्पना ऐकवायला जाऊ नका.

आणि सुरुवात करायला मे महिना बरा. एसीचे आणि गरम होणाऱ्या इंजिनांचे कॉल तेव्हा येतातच, जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाआधी 'पाण्यात गाडी बंद पडली तर परत सेल मारू नका, इंजिनात पाणी गेलं असेल तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो' हा एपिसोड बाहेर पडलेला असतो, मग पावसाळाभर वायरी कुरतडणारे उंदीर आहेतच, त्यावर तंबाखूची पुडी बांधणारे आणि डांबरगोळ्या ठेवणारे असे दोन पक्ष आपोआप पडतात. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांचे क्लच जळाल्याच्या वासाचे कॉल मात्र जुलैतच रेकॉर्ड करून ठेवा, त्या आठवड्यात तुमचा मेकॅनिक गॅरेज सोडून येणार नाही.